मधुमेह, केशवाहिन्या आणि फुप्फुसे

मधुमेह हा केवळ साखरेचा नव्हे, तर रक्तवाहिन्यांचाही विकार होय. रक्तात वाढलेले ग्लुकोज वर्षानुवर्षे प्रथिनांना चिकटत राहते. त्यामुळे केशवाहिन्यांच्या भित्तीचे आधारपटल जाड होते. डोळ्यांतील दृष्टिपटल व मूत्रपिंडे यांना इजा होते ती मुख्यतः याच मार्गाने.

फुप्फुसांतील कोट्यवधी वायुकोशांभोवतीही केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. तेथे हवा व रक्त यांमधील पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. तो जाड झाला, की ऑक्सिजन रक्तात शिरण्यास काहीसा अडथळा होतो. ऊती ताठर झाल्याने फुप्फुसांत मावणारी हवाही थोडी घटते. मात्र फुप्फुसांची राखीव शक्ती मोठी असल्यामुळे रोग्याला हे सहसा जाणवत नाही. न्यूमोनियासारख्या आजारात किंवा हृदय दुबळे झाल्यावर ही उणीव उघड होते.

मधुमेहाने रोगप्रतिकारशक्तीही मंदावते. त्यामुळे मधुमेही व्यक्तीस क्षयरोगाचा धोका दोन ते तीन पटींनी अधिक असतो. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्याची तपासणी अवश्य करावी. साखर आरंभापासून काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास केशवाहिन्यांची हानी पुष्कळ टळते, हे अमेरिका व कॅनडा येथील दीर्घकालीन अभ्यासाने 1993 साली दाखवून दिले. हा पुरावा डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतूंपुरता असला, तरी धूम्रपान टाळून साखर सांभाळणे फुप्फुसांच्याही हिताचेच आहे.