बॅच फाइलमधील फेऱ्यांच्या आज्ञा

एकच काम अनेक फाइलींवर करावयाचे असेल, तर ते हाताने करीत बसण्यापेक्षा बॅच फाइलवर सोपविणे सोयीचे ठरते. बॅच फाइल म्हणजे संगणकाने क्रमाने पाळावयाच्या आज्ञांची साध्या मजकुराची फाइल होय. ही पद्धत १९८१ च्या एमएस-डॉसपासून चालत आली असून विंडोजमध्ये आजही उपलब्ध आहे. तीत पुनरावृत्ती घडवून आणणारी मुख्य आज्ञा 'फॉर' ही आहे. (येथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, संगणकावर त्या रोमन अक्षरांत व अंकांत लिहावयाच्या असतात.)

'फॉर %%ए इन (*.टीएक्सटी) डू एको %%ए' या ओळीने फोल्डरमधील प्रत्येक मजकूर-फाइलीचे नाव पडद्यावर येते. '%%ए' ही जणू रिकामी जागा. प्रत्येक फेऱ्यात तिच्यात नवे नाव भरले जाते. बॅच फाइलमध्ये टक्क्याची दोन चिन्हे लागतात. तीच आज्ञा पडद्यावर थेट दिल्यास एकच चिन्ह पुरते.

आकड्यांचे फेरे 'फॉर /एल' ने होतात. कंसातील (१,१,१२) हे आकडे आरंभ, वाढ आणि शेवट या क्रमाने वाचावेत. नवशिके वाढ शेवटी लिहितात. (१,१२,१) असे लिहिल्यास बारा फेऱ्यांऐवजी एकच फेरा होतो, आणि वाढ शून्य ठेवल्यास फेरे संपतच नाहीत.

याद्यांच्या कामी सर्वांत उपयोगी, आणि म्हणूनच सर्वांत जपून वापरावी अशी आज्ञा 'फॉर /एफ' ही होय. ती फाइल ओळीओळीने वाचते. परंतु वेगळे न सांगितल्यास प्रत्येक ओळीतील पहिला शब्दच घेते, कारण मोकळी जागा ती शब्दांची सीमा मानते. समजा, गावांच्या यादीवरून प्रत्येक गावाचा फोल्डर 'एमडी' या आज्ञेने तयार करावयाचा आहे. यादीत आंबेगाव बुद्रुक व आंबेगाव खुर्द ही दोन्ही गावे आहेत. दोहोंतून 'आंबेगाव' एवढेच उचलले जाईल. दुसऱ्या वेळी त्या नावाचा फोल्डर आधीच असल्याचा संदेश येईल, फेरा मात्र पुढे चालू राहील, आणि दोन गावांची कागदपत्रे एका ठिकाणी पडण्याची वाट मोकळी होईल. यावर उपाय म्हणजे '/एफ' नंतर अवतरणात "डेलिम्स=" लिहिणे; मग संपूर्ण ओळ हाती येते. 'एमडी' पुढील '%%ए' सुद्धा अवतरणातच ठेवावे, अन्यथा बुद्रुकचा निराळा फोल्डर तयार होतो. रिकाम्या ओळी ही आज्ञा गाळते. अर्धविरामाने सुरू होणाऱ्या ओळीही गाळल्या जातात.

बेरजेत आणखी एक फसगत होते. कंसातील सर्व आज्ञा संगणक प्रथम एकदाच वाचतो व '%बेरीज%' च्या जागी तेव्हाची किंमत घालून मोकळा होतो. आरंभी शून्य असलेल्या बेरजेत 'सेट /ए बेरीज=%बेरीज%+१' असे बारा वेळा केले तरी उत्तर १ च येते. त्यासाठी आरंभी 'सेटलोकल एनेबलडिलेडएक्स्पान्शन' लिहून '!बेरीज!' असे उद्गारचिन्हांत लिहावे. तसेच 'सेट /ए' ला ०८ व ०९ हे आकडे मान्य नाहीत. आरंभीच्या शून्यामुळे ते अष्टमान पद्धतीचे समजले जातात, आणि त्या पद्धतीत ८ व ९ हे अंकच नसतात. महिन्यांवर चालणारी आज्ञावली जुलैपर्यंत सुरळीत चालून ऑगस्टमध्ये अडते, ती बहुधा यामुळेच.

फाइली पुसून टाकणारी 'डेल' ही आज्ञा फेऱ्यात घालण्यापूर्वी तिच्याआधी 'एको' लिहून एकदा चालवावी. त्यामुळे काहीही पुसले न जाता, कोणत्या फाइली पुसल्या जाणार आहेत एवढेच दिसते. ती यादी दप्तराशी ताडून पाहावी व मगच 'एको' काढावा. 'फॉर /आर' वापरताना तर हे अनिवार्यच समजावे, कारण ती आज्ञा आतील सर्व फोल्डरांतही शिरते, आणि 'डेल' ने पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही.