परसातली भाजी

माघ महिन्यात थंडी ओसरू लागते. आज मेथी, वांगी, हरभऱ्याचा पाला सगळीकडे मिळतो. पण चैत्र-वैशाखात काय? विहिरी आटतात. भाजी महागते. मग घरोघरी भाकरी, डाळ आणि ठेचा! पोट भरते, पण अंगी लागेल असे हिरवे काही ताटात पडत नाही.

त्याने काय होते? एखादे मूल दिवसा नीट पाहते. तिन्हीसांज झाली की मात्र ठेचकाळते. ताटातली भाकरी चाचपू लागते. हा रातांधळेपणा. अंगात अ जीवनसत्त्व कमी पडले की तो होतो. अशा मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. उशीर केला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. ही वेळ येऊ नये म्हणून मुलांना पालेभाजी द्यावी. भाजीत थोडे तेल घालावे. तेलामुळे हे जीवनसत्त्व अंगी लागते.

"पण उन्हाळ्यात भाजीला पाणी आणायचं कुठून?" असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, आधी न्हाणीकडे बघा. घरात ५ माणसे असली, तर अंघोळीच्या ५ बादल्या रोज वाया जातात. दारात चिखल होतो. डास होतात. तेच पाणी चर खणून परसात नेले, तर २-३ वाफे सहज भिजतील. कपडे धुतलेले सोड्याचे पाणी मात्र घालू नये. न्हाणीचे पाणी मुळाशी सोडावे, पानांवर ओतू नये. काकडी, कोथिंबीर आपण कच्ची खातो. त्यांना स्वच्छ पाणीच द्यावे.

आता वाफा करू. जागा उन्हाची हवी. ६ हात लांब, २ हात रुंद जमीन वीतभर खोल खणावी. २ पाट्या कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण नको. त्याने हुमणी लागते. वाफा चार बोटे खोलगट ठेवावा. कडेने बांध घालावा. म्हणजे पाणी वाहून न जाता तिथेच मुरते.

एका वाफ्यात माठ पेरावा. महिन्याभरात तो खुडायला येतो. दुसऱ्यात भेंडी लावावी. बी रात्रभर भिजवून, वीत-वीत अंतरावर टोचावे. दीड-दोन महिन्यांत भेंडी मिळते. कुंपणाशी दोडका, दुधी भोपळा लावावा. वेलांचे बी कडक थंडीत उगवत नाही, म्हणून थंडी कमी झाल्यावर लावावे. पण फार उशीरही नको. रोप कोवळे असतानाच ऊन तापले, तर ते होरपळते. न्हाणीच्या चराशी अळू छान येते.

शेळ्या-कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून काट्यांचे कुंपण करावे. एका वाफ्याला दिवसाआड २ बादल्या पाणी संध्याकाळी द्यावे. मुळाशी पालापाचोळा पसरावा, ओल टिकते. पानांवर मावा दिसला, तर सकाळी दवात चुलीची राख भुरभुरावी.

हे काम एकट्या बाईवर टाकू नये. पुरुषांनी खणावे. मुलांनी पाणी घालावे.

भाजी आली की पहिली जुडी बाजारात नेऊ नका. ती आधी आपल्या लेकरांच्या ताटात पडू द्या. उरेल ती खुशाल विका!

प्रश्न
१. रातांधळेपणा कशाने होतो?
२. कोणते पाणी भाजीला घालू नये?
३. तुमच्या घरात रोज किती बादल्या पाणी वाया जाते? मोजा आणि लिहा.