शिदोरी, शिधा आणि पंगत : वऱ्हाडातील यात्रेकरूंचे अल्पखर्चातील भोजन

तीर्थयात्रेस निघणाऱ्या सामान्य कुटुंबाला गाडीभाडे अगोदर ठाऊक असते आणि निवासाचा खर्चही आधी ठरविता येतो. जेवणाखाणाचा खर्च मात्र हातातून निसटतो. एसटीच्या थांब्यावर चहा, मुलांनी हट्ट धरला म्हणून भजी, दर्शनाच्या रांगेत उशीर झाला म्हणून जवळचेच महाग हॉटेल, असे करता करता परतीच्या तिकिटाचे पैसे मोडले जातात. यावर पुष्कळ घरांत दोन उपाय केले जातात. एक म्हणजे निघतानाच उसनवारी करणे. दुसरा कोणी बोलून दाखवीत नाही : घरातील स्त्री ‘मला भूक नाही’, ‘आज माझा उपवास आहे’ असे सांगून एक वेळचे जेवण टाळते. हे दोन्ही उपाय घातक आहेत आणि अमरावती-अकोला परिसरात येणाऱ्या भाविकांना त्यांची गरजही नाही. अल्प पैशांत, लाजिरवाणे न होता पोटभर जेवता यावे अशी व्यवस्था या भूमीत पूर्वीपासून आहे. केवळ ती ठाऊक असावी लागते.

या विषयात वऱ्हाडातील थोर अधिकारी पुरुष म्हणजे संत गाडगेबाबा. देबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील लवकर निवर्तल्यामुळे त्यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी गेले. १९०५ साली त्यांनी गृहत्याग केला. त्यानंतर फुटके गाडगे हेच त्यांचे ताट आणि तेच पाण्याचे भांडे झाले. गावात शिरल्यावर आधी खराट्याने रस्ते झाडावयाचे किंवा कोणाचे काही काम करून द्यावयाचे आणि मग भाकरी स्वीकारावयाची, असा त्यांचा नेम होता. मिळालेली भाकरी चटणी-कांद्यासह ते उभ्याउभ्याच खात. खाण्यावर शक्य तितका कमी खर्च करावा, परंतु मुलांच्या शिक्षणात काटकसर करू नये, प्रसंगी ताटाविना हातावर भाकरी घ्यावी, असे ते कीर्तनांतून कळकळीने सांगत. कर्ज काढून सण किंवा यात्रा करण्यास त्यांचा सक्त विरोध होता. पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. तेथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. त्या यात्रेत चिखलातून ये-जा करणाऱ्या भाविकांसाठी वाट आणि घाट नीट करण्याचे काम बाबांनी लोकांना हाताशी धरून केले. ज्या तीर्थाच्या नावातच ऋणातून सुटका आहे, तेथे ऋण काढून येऊ नये, हे निराळे सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेविषयी. पहिला आधार शिदोरीचा. प्रवासाच्या पहिल्या दीड-दोन दिवसांचे अन्न घरूनच आणल्यास निम्मी चिंता मिटते. वऱ्हाडी घरात यासाठी दशम्या, धपाटे आणि तिखटामिठाच्या पुऱ्या करण्याची रीत आहे. ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते. दुधात भिजविलेली दशमी त्या मानाने मऊ राहते, आणि तेल घातलेले धपाटे अधिक टिकतात. सोबतीला जवसाची किंवा तिळाची कोरडी चटणी, कांदा, गूळ-शेंगदाणे, मुरमुरे-फुटाणे असावेत. ओली चटणी, दही घातलेला भात, खोबऱ्याचे पदार्थ व शिजविलेले वरण ही शिदोरी नव्हे. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो. अशा उष्म्यात बंद डब्यातील भात दोन-तीन तासांत आंबू लागतो. मग शिदोरीवर वाचविलेले पैसे दवाखान्यात जातात. गरम भाकरी लगेच डब्यात कोंडू नये. पूर्ण निवल्यावर सुती कापडात बांधावी. हे अनुभवी गृहिणींना सांगण्याची आवश्यकता नाही, परंतु हल्ली शिदोरी पुष्कळदा तरुण मुले बांधतात, म्हणून येथे नोंद केली आहे.

एक किलो ज्वारीच्या पिठाच्या मध्यम आकाराच्या दहा-बारा भाकरी होतात. म्हणजे चौघांच्या कुटुंबाची एक वेळ एक किलो पिठात सुखाने भागते. बाहेर तेवढ्याच रकमेत चौघांची न्याहारीही होत नाही.

दुसरा आधार वाटेवरचा. रेल्वेच्या सर्वसाधारण डब्यांतून प्रवास करणाऱ्यांसाठी रेल्वेने फलाटावर वीस रुपयांत पुरी-भाजीचे जेवण देण्याची योजना २०२३ साली सुरू केली. २०२४ मध्ये मध्य रेल्वेने ज्या स्थानकांवर अशी विक्रीकेंद्रे उघडली, त्यांत बडनेरा व शेगाव ही स्थानकेही होती. अमरावतीस जाणारे पुष्कळ भाविक बडनेऱ्यासच उतरतात, त्यामुळे ही माहिती उपयोगी पडावी. राज्य शासनाने २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी आरंभिली. तीत दोन चपात्या, भाजी, वरण व भात अशी योजना होती. मात्र अशी केंद्रे उघडतात व बंदही होतात. यास्तव बसस्थानकावर किंवा शासकीय रुग्णालयाजवळ चौकशी करून मगच तिकडे पाय वळवावेत.

शहरात खावयाचेच झाल्यास स्थानिक लोक जे खातात ते स्वस्त पडते. सकाळी तर्री-पोहे घ्यावेत. अमरावतीस दह्यातील गिला वडा प्रसिद्ध आहे, एक प्लेट पोटास चांगला आधार देते. पुण्या-मुंबईकडील भाविकांनी एक ध्यानात ठेवावे : वऱ्हाडात ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर. वड्यासोबत सांबार मागितल्यास दुकानदार गोंधळून पाहतो, त्यात त्याचा दोष नाही. हिवाळ्याच्या आरंभी वरूड-मोर्शीकडील संत्री रस्त्याच्या कडेला ढिगाने असतात. ती मोजून न घेता किलोने घ्यावीत आणि बाटलीतील थंड पेयाऐवजी मुलांना द्यावीत.

तिसरा आधार पंगतीचा, आणि संकोच होतो तो येथेच. अकोल्याहून रेल्वेने तासाभराच्या आत शेगाव येते. तेथे श्री गजानन महाराज संस्थानात भाविकांना महाप्रसाद विनामूल्य मिळतो. ऐपत बेताची असलेली अनेक मंडळी तरीही पंगतीत बसण्यास कचरतात. ‘फुकटचे कसे खावे’ असे त्यांना वाटते, आणि मनात कोठेतरी ‘लोक काय म्हणतील’ हेही असते. यावर महाराजांचेच चरित्र पाहावे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी महाराज शेगावात प्रथम दृष्टीस पडले, ते उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाताना. ज्या स्थानाचा इतिहासच टाकलेल्या अन्नाच्या शितापासून सुरू होतो, तेथे पानावर बसणाऱ्याने लाजण्याचे कारण नाही. लाजावे ते पानात टाकणाऱ्याने. प्रसादाच्या वेळा ठरलेल्या असतात. त्या आवारात पोहोचताच विचारून घ्याव्यात आणि दर्शनाचा क्रम त्यानुसार ठेवावा. वृद्ध व लहान मुले सोबत असल्यास आधी जेवण आणि मग रांग, यात काही अधर्म नाही. ज्यांना फुकटाचा संकोच वाटतो त्यांनी गाडगेबाबांचा नेम पाळावा. जेवणानंतर तास-अर्धा तास ताटे उचलणे, झाडलोट करणे, भाजी निवडणे असे जे काम सेवेकरी सांगतील ते करावे. दानपेटीत टाकावयास पैसे नसलेल्या माणसाजवळ हात तर असतातच.

परंतु पंगत सर्वांसाठी नेहमीच खुली होती असे समजणे इतिहासाला धरून नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्याला पंढरपुरात पैसे असूनही जेवावयास व टेकावयास जागा मिळत नसे. त्याची यात्रा म्हणूनच सर्वांत महाग व सर्वांत उपाशी होती. हे पाहून गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधविली, आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, देहू, आळंदी येथेही त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. देवळे बांधण्यापेक्षा धर्मशाळांवर त्यांचा भर होता. यामागे एक व्यवहारी विचार दिसतो. एका दिवसाचे मिष्टान्न त्या दिवशीच संपते. डोक्यावर छप्पर, पाणी व चूल मिळाली की गरीब यात्रेकरू स्वतःच्या पिठाची भाकरी रोज करून खातो आणि कोणाचा मिंधा राहत नाही.

अन्नदानासाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्या भाविकांनी याचा जरूर विचार करावा. विशेष तिथीच्या भोजनासाठी देणगीदार पुष्कळ मिळतात, वाढदिवसाच्या व पुण्यतिथीच्या नावे पंगती नोंदविल्या जातात, ते योग्यच आहे. मात्र आषाढातील आडवारी पायी निघालेल्या वीस माणसांच्या दिंडीला तांदूळ-डाळ-पिठाचा कोरडा शिधा लागतो, त्याची पावती क्वचितच फाडली जाते. मोठी परात, दोन पातेली, लोखंडी तवा, भांडी घासण्यासाठी नळ व ओटा, पावसात चूल पेटविता येईल असे पत्र्याचे छप्पर, या वस्तूंवर देणगीदाराचे नाव कोरले जात नाही म्हणून त्या मागे राहतात. एका मध्यम पंगतीच्या खर्चात यांतील बरेच काही होऊन जाते आणि वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

सामूहिक स्वयंपाकाचा वऱ्हाडी नमुना म्हणजे रोडगे. चांदूरबाजार तालुक्यातील बहिरमच्या यात्रेत आणि नवसाच्या निमित्ताने गावोगाव ते होतात. कणकेच्या लहान पुऱ्यांना तेल लावून, एकावर एक थर रचून, बाहेरच्या पारीत गोळा बंद करावयाचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजावयाचा, एवढीच कृती. तवा लागत नाही, पोळपाट नसला तरी चालते, आणि सोबत वांग्याची भाजी व वरण असले की वीस-पंचवीस माणसांचे जेवण वाण्याकडील साध्या सामानात उरकते. तूप ऐपतीप्रमाणे घ्यावे. धर्मशाळेच्या आवारात रोडगे करणाऱ्या मंडळींनी व्यवस्थापकांची अनुमती घेऊन नेमून दिलेल्या जागीच गोवऱ्या पेटवाव्यात. रोडगे निघाले की राखेवर भरपूर पाणी ओतावे. वरून राख थंड दिसली तरी आतला निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो, आणि त्याच जागी रात्री कोणी अंथरूण टाकण्याचा संभव असतो.