स्वस्त पुस्तकाचं गणित

सेमिस्टर सुरू झालं की होस्टेलवर एक प्रश्न हमखास निघतो: रेफरन्स बुक विकत घ्यायचं की झेरॉक्सवर भागवायचं? जे पुस्तक अमेरिकेत घ्यायला हजारो रुपये पडतात, तेच आपल्याकडे काही शे रुपयांत मिळतं. हे कसं जमतं, ते जरा समजून घेऊ.

आधी हिशोब. लेखन, संपादन, आकृत्या हा एकदाच होणारा खर्च. कागद, छपाई, बांधणी हा दर प्रतीमागचा खर्च. समजा पहिला खर्च १० लाख रुपये आहे आणि दुसरा प्रतीमागे १२० रुपये. १,००० प्रती खपल्या तर एक प्रत १,१२० रुपयांना पडते. २०,००० खपल्या तर फक्त १७० रुपयांना! गरीब देशांची अडचण इथेच आहे. किंमत जास्त म्हणून गिऱ्हाईक कमी, आणि गिऱ्हाईक कमी म्हणून किंमत जास्त. हे चक्र तोडायचे मार्ग असे:

१) सरकारी मदत : ब्रिटिश सरकारच्या पैशावर 'ईएलबीएस'ची पुस्तकं अनेक वर्षं स्वस्तात मिळत. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची पुस्तकंही तशीच. इरोडॉव्हची फिजिक्सची गणितं आपल्यापर्यंत त्यांच्यामुळेच पोचली. पण १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला, पुढे नव्वदच्या दशकातच ईएलबीएसही बंद पडलं. दुसऱ्याच्या खिशावर चाललेली सोय त्याचा खिसा बंद झाला की संपते.

२) वेगळी आवृत्ती : एकदाच होणारा खर्च श्रीमंत देशातल्या विक्रीतून निघतो आणि आपल्यासाठी साध्या कागदावर, साध्या बांधणीत कमी किमतीची प्रत निघते. 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' ही कव्हरवरची ओळ त्यासाठीच असते. कॉर्नेलमध्ये शिकणाऱ्या सुपाप कर्टसेंग या थायलंडच्या विद्यार्थ्याने घरच्यांकडून अशी पुस्तकं मागवून अमेरिकेत विकली. प्रकाशक वायली कोर्टात गेले. २०१३ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. (एक सूचना : अशा आवृत्तीत कधी कधी प्रॉब्लेमचे नंबर बदललेले असतात. असाइनमेंट करताना आवृत्ती बघून घ्या.)

३) कायदा : आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(i) शिक्षक-विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या ओघात मजकुराची प्रत काढू देतं. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्स दुकानावर आणि विद्यापीठावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दावा लावला. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने सांगितलं, की किती पानं काढली यापेक्षा शिकवण्यासाठी ती गरजेची होती का, हे बघायचं. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. मात्र याचा अर्थ रस्त्यावरची चोरून छापलेली प्रत कायदेशीर झाली असा नाही. ती प्रत शिकवण्यासाठी नव्हे, धंद्यासाठी छापलेली असते.

४) फुकट साहित्य : आयआयटी आणि आयआयएससी यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएलवर लेक्चर्स मोफत बघता येतात. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर मराठीतलीही तांत्रिक पुस्तकं आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या फर्स्ट इयरच्या मुलाला स्वस्त पुस्तक मिळालं तरी भाषेची अडचण उरतेच, म्हणून हे महत्त्वाचं.

५) बुक बँक : हा उपाय मात्र पूर्ण आपल्या हातात आहे. ६०० रुपयांचं पुस्तक पाच बॅचेसनी वापरलं, तर एकाला ते १२० रुपयांना पडलं. पण मधल्याच कुणी त्यातलं चॅप्टर फाडून घेतलं, तर पुढच्यांचं गणित चुकलं! बुक बँकेवर ज्याची सगळी भिस्त असते, तो बहुधा दुसरी प्रत घेऊ शकणारा नसतो. त्याच्यापुढे मग गाईड पाठ करून पास होणं एवढंच उरतं, आणि विषय कायमचा कच्चा राहतो.

थोडक्यात, पुस्तक जितक्या जास्त हातांत जातं तितकं ते स्वस्त होतं. तेव्हा पेपर संपले की रूममधली पुस्तकं रद्दीत घालू नका, ज्युनियरला द्या किंवा लायब्ररीत जमा करा. आणि हो, ड्यू डेट पाळा!