गोळीची किंमत आणि उपचाराचा खर्च

एच.आय.व्ही.चा सरकारी उपचार गरीब देशांना परवडतो काय, या प्रश्नाकडे आम्ही बँकेतील माणसे साहजिकच हिशेबाने पाहतो. सन २००० मध्ये तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला एका रुग्णामागे वर्षाला १०,००० डॉलर वा त्याहून अधिक लागत. आफ्रिकेतील मलावीसारख्या देशाने एवढा पैसा आणावा कोठून? औषध निघाले होते आणि माणसे मरत होती.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला हा तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. दिवसाला एक डॉलरही नाही! आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे हे शक्य झाले. त्यात पेटंट औषधावर नसे, ते बनविण्याच्या पद्धतीवर असे. पद्धत निराळी काढली की तेच औषध दुसऱ्यालाही बनविता येई. (विद्यार्थ्यांनी हा भेद नीट ध्यानात घ्यावा, २००५ पासून तो उरलेला नाही.) पुढे इतर कंपन्याही उतरल्या. २०२३ मध्ये ग्लोबल फंडाने त्याहून चांगल्या गोळीचा वर्षाचा दर ४५ डॉलरच्या आत आणला.

मलावीत २००४ पासून सरकारी दवाखान्यांतून हे औषध मोफत मिळते. पैसा मात्र मुख्यतः ग्लोबल फंडाचा व अमेरिकेचा. शिवाय त्या ४५ डॉलरमध्ये रक्ततपासणी नाही, परिचारिकेचा पगार नाही. गोळी जन्मभर घ्यायची आणि मदत मात्र दरवर्षी मंजूर व्हायची! जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली, तेव्हा अनेक देशांत आधी कामावरून गेले ते मदतीच्या पैशावर पगार घेणारे आरोग्य कर्मचारीच.