काशीयात्रेतील मुक्काम आणि परके अंथरूण

काशीस जाणारा मराठी यात्रेकरू पूर्वी आपले अंथरूण बरोबर घेऊन निघत असे. सतरंजी, चादर, पांघरूण आणि उशी एकत्र गुंडाळून दोरीने आवळलेली वळकटी हा सामानातील पहिला जिन्नस असे; पुढे तिची जागा जाड कापडाच्या होल्डॉलने घेतली. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या मराठी वस्तीच्या परिसरात उतरण्यास जागा मिळे, अंथरूण बहुधा ज्याचे त्याचे असे. आज महानगरी एक्स्प्रेसने किंवा विमानाने वाराणसीस पोहोचणारे कुटुंब हॉटेलात, धर्मशाळेत किंवा एखाद्या घरगुती निवासात उतरते आणि तेथे घातलेल्या पलंगावर निःशंकपणे अंग टाकते. वळकटी गेली, आणि अंगाला लागणारे कापड आपल्या घरचे असावे ही सवयही तिच्याबरोबर गेली. ती सवय थोड्या वेगळ्या रूपात परत आणणे सहज शक्य आहे. त्यासाठी काय करावे आणि यात्रेनंतर अंगाला खाज सुटल्यास कोणती काळजी घ्यावी, हे या पत्रकात सांगितले आहे.

प्रथम अनाठायी भीती दूर करू. परक्या अंथरुणावर झोपल्याने क्षयरोग होत नाही, एचआयव्हीची बाधाही होत नाही. ढेकूण माणसाचे रक्त पितात, तरी त्यांच्या चाव्यातून माणसाला एखादा रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. अंथरुणाच्या संबंधाने प्रत्यक्ष त्रास देणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत: ढेकूण, खरूज, गजकर्ण, आणि दम्याच्या रुग्णांसाठी गाद्या-उशांतील धूळ. यांपैकी एकही सहसा प्राणघातक ठरत नाही. परंतु यांच्यावर घरच्या घरी केले जाणारे काही उपाय प्राणघातक ठरू शकतात. त्यांचा उल्लेख पुढे केला आहे.

चादर बदलते, रजई बदलत नाही

पलंगपोसावर डाग दिसला की आपण चादर बदलून मागतो, ते योग्यच आहे. मात्र चादर हा अंथरुणातील सर्वांत अधिक धुतला जाणारा भाग असतो. तिच्याखालची गादी आणि तिच्यावरची रजई यांना पाणी क्वचितच लागते. रेल्वेचे उदाहरण घ्यावे. वातानुकूलित डब्यात मिळणाऱ्या चादरी प्रत्येक वापरानंतर धुतल्या जाणे अपेक्षित असते. ब्लँकेट मात्र दोन महिन्यांतून एकदा धुतले जाते, असे २०१६ मध्ये संसदेत सांगण्यात आले होते. २०२४ मध्ये देण्यात आलेल्या उत्तरात हा अवधी ‘महिन्यातून किमान एकदा’ असा होता, आणि ब्लँकेटखाली घेण्यासाठी जादा चादर पुरविली जाते असेही त्यात नमूद होते. ती जादा चादर त्याच कामासाठी आहे. ती उशाशी घडी करून ठेवू नये.

वाराणसीत डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते. महाराष्ट्रातील यात्रेकरूला ही थंडी अनपेक्षित वाटते आणि तो मिळेल ती रजई ओढून घेतो. कापूस भरलेली रजई धुता येत नाही. धुता येते ती तिची खोळ. म्हणून खोली घेतानाच रजईला धुतलेली खोळ आहे का, हे विचारावे. नसल्यास अंगाशी घेण्यासाठी वेगळी चादर मागावी: “ओढ़ने के लिए एक धुली हुई चादर अलग से दीजिए,” एवढे म्हटले तरी पुरते.

याहून भरवशाचा उपाय घरचा आहे. जुनी, मऊ सुती साडी दुहेरी घडी करून तळाची व एक बाजू शिवून घ्यावी. माणूस आत शिरेल अशी लांब पिशवी तयार होते. नऊवारी लुगडे असेल तर दोन मुलांसाठीही कापड निघते. ही पिशवी वजनाला हलकी असते, सकाळी धुतली तर बहुधा संध्याकाळपर्यंत वाळते, आणि गादी व रजई या दोन्हींपासून अंग वेगळे ठेवते. तिच्याबरोबर उशीचे दोन अभ्रे आणि प्रत्येकाचा स्वतःचा टॉवेल घ्यावा. आजची वळकटी एवढीच.

घाटाच्या पायऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा पाहून अनेक यात्रेकरू अस्वस्थ होतात. नदीत धुतलेले कापड यंत्रात धुतलेल्या कापडाइतके स्वच्छ नसते हे खरे, आणि अंगावर उघडी जखम असल्यास तिच्यावर पट्टी बांधल्याशिवाय अशा चादरीवर झोपू नये. निरोगी त्वचेच्या दृष्टीने मात्र चादर कडक उन्हात पूर्ण वाळली आहे का आणि तिच्यावर गरम इस्त्री फिरली आहे का, हे अधिक महत्त्वाचे. हाताला दमट लागणारी चादर दिसायला पांढरीशुभ्र असली तरी परत करावी. पावसाळ्यात हा अनुभव हमखास येतो.

रजईला डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास येत असेल तर ती तान्ह्या बाळाच्या अंगावर मुळीच घालू नये. काही बालकांच्या रक्तात जन्मतः एका विकराची कमतरता असते. अशा बाळांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटतात आणि तीव्र कावीळ होते. ही कमतरता बाहेरून पाहून कळत नाही, म्हणून हा नियम सर्वच बाळांसाठी पाळावा.

खोलीत पाऊल टाकल्यावर

सामान पलंगावर ठेवण्याची घाई करू नये. पिशव्या प्रथम स्नानगृहाच्या कोरड्या फरशीवर ठेवाव्यात. तेथे ढेकणांना लपण्यास जागा नसते. नंतर मोबाइलच्या विजेरीच्या प्रकाशात पलंग पाहावा. चादर व पलंगपोस उशाकडून उचलून गादीची शिवण, तिच्या कडेची गोट आणि चारही कोपरे तपासावेत. पलंगाच्या उशाकडील लाकडी फळी भिंतीपासून थोडी सरकविता आली तर तिची मागील बाजू पाहावी. पूर्ण वाढलेला ढेकूण पाच ते सात मिलिमीटर लांब, चपटा, तांबूस तपकिरी असतो आणि दिवसा फटीत बसून राहतो, त्यामुळे तो स्वतः दिसेलच असे नाही. त्याच्या खुणा दिसतात: शाईच्या टोकाएवढे काळपट ठिपके, टाकलेल्या पारदर्शक कातीचे तुकडे, चादरीवर रक्ताचे बारीक डाग. या तपासणीस तीन-चार मिनिटे लागतात. जुन्या लाकडी पलंगांच्या खोल्यांत ती अधिक बारकाईने करावी, पण महागड्या हॉटेलात ती वगळू नये. ढेकूण प्रवाशांच्या सामानातून येतात आणि प्रवासी सर्वत्र जातात. अस्वच्छतेशी त्यांचा संबंध लोक समजतात तेवढा नाही.

खुणा आढळल्यास खोली बदलून मागावी, आणि नवी खोली शेजारची किंवा लगेच वरची-खालची नसावी. व्यवस्थापकाने फवारणी करून तीच खोली देऊ केली तर नकार द्यावा. ताज्या फवारणीच्या बंद खोलीत लहान मुलांना किंवा दम्याच्या रुग्णास झोपविणे ढेकणांपेक्षा अधिक घातक आहे.

स्वच्छ अंथरूण मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. १८६७ च्या सराई कायद्याने सराईचालकावर खोल्या स्वच्छ ठेवण्याचे, तसेच तेथे कोणी संसर्गजन्य रोगाने आजारी पडल्यास तत्काळ खबर देण्याचे बंधन घातले होते. आजच्या काळात पैसे देऊन घेतलेली खोली ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये सेवा ठरते. तक्रारीची दाद लागली नाही तर छायाचित्रे व पावती जपून ठेवावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक सहायता क्रमांकावर कळवावे. चादर बदलणारा कर्मचारी मात्र धोरण ठरवीत नसतो. त्याच्यावर राग काढू नये.

घरी परतल्यावर

प्रवासाच्या पिशव्या थेट शयनगृहात नेऊ नयेत. गॅलरीत किंवा न्हाणीघरात त्या उघडून वापरलेले व न वापरलेले सर्व कपडे वेगळे काढावेत. ढेकूण आणि त्यांची अंडी साठ अंश तापमानाच्या पाण्यात मरतात, खरजेचे किडे पन्नास अंशांत. यंत्रात पाणी तापत नसेल तर बादलीत कडकडीत पाणी ओतून कपडे अर्धा तास बुडवावेत, मग नेहमीप्रमाणे धुऊन कडक उन्हात वाळवावेत. बादलीजवळ लहान मुलांना येऊ देऊ नये. पिशवीच्या शिवणी व खिसे ब्रशने झाडावेत. गादी उन्हात टाकणे चांगले, परंतु तेवढ्याने ढेकूण जातील असे मानू नये. ते सावलीच्या बाजूस सरकतात आणि अन्नाशिवाय कित्येक महिने जगू शकतात.

घरात ढेकूण झालेच तर धान्यात ठेवण्याच्या कीडनाशक गोळ्या गादीखाली किंवा कपाटात कदापि ठेवू नयेत. हवेतील ओलाव्याने या गोळ्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही, आणि अशा प्रकाराने झोपेत असलेल्या मुलांचे प्राण गेले आहेत. शेतातील फवारणीची औषधेही घरात वापरू नयेत. परवानाधारक कीडनियंत्रकास बोलवावे व त्याने सांगितलेल्या अवधीपर्यंत खोलीत जाऊ नये.

खाज सुटली तर

ढेकणाचे चावे चेहरा, मान, हात अशा उघड्या भागांवर, पुष्कळदा ओळीने किंवा पुंजक्याने उठतात. काहींना ते दुसऱ्या दिवशी दिसतात, काहींना चौदा दिवसांपर्यंत काहीच जाणवत नाही. हे चावे आपोआप बरे होतात; नखांनी खाजवून जखम होऊ देऊ नये.

खरूज निराळी. तिचा सूक्ष्म किडा त्वचेत बीळ करून राहतो. साध्या खरजेत संपूर्ण अंगावर दहा-पंधराच किडे असतात, आणि ती मुख्यतः दीर्घकाळच्या अंगस्पर्शाने पसरते. यात्रेत एकाच गादीवर पाच-सहा माणसे दाटीवाटीने झोपतात, तेव्हा अंथरुणापेक्षा शेजारचे अंग हेच कारण अधिक संभवते. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा साधारण दोन-तीन दिवसच जगतो. पहिल्यांदा खरूज झालेल्या व्यक्तीस खाज सुरू होण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. तोवर यात्रा विस्मरणात गेलेली असते, आणि मधल्या काळात खरूज नातवंडांपर्यंत पोहोचलेली असते. बोटांच्या बेचक्या, मनगटे, बेंबीभोवती, कंबर व जांघा येथे पुरळ आणि रात्री वाढणारी खाज ही तिची ओळख. तान्ह्या बाळांत तळहात, तळपाय आणि डोकेही सुटत नाही.

डॉक्टरांनी पर्मेथ्रिनचे मलम दिल्यास ते मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखालीदेखील, रात्री लावून सकाळी धुवावे आणि सांगितल्याप्रमाणे पुन्हा एकदा लावावे. बाळांसाठी, गर्भवतींसाठी व वृद्धांसाठी डॉक्टरांचा निराळा सल्ला असतो. घरातील सर्वांनी एकाच दिवशी उपचार घेणे आवश्यक आहे, ज्यांना खाज नाही त्यांनीही. हे न केल्यामुळेच तीच खरूज घरात महिनोन्‌महिने फिरत राहते. उपचाराच्या आधीच्या तीन दिवसांत वापरलेली अंथरुणे व कपडे गरम पाण्यात धुवावेत; जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे. उपचारानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, म्हणून स्वतःच्या मनाने औषध पुन्हा पुन्हा लावू नये.

गजकर्णाचा वाटोळा, कडेने लाल होत पसरणारा चट्टा ओल्या टॉवेलातून व अंथरुणातूनही येऊ शकतो. या विकाराचे औषधांना न जुमानणारे प्रकार अलीकडे आपल्या देशात वाढले आहेत. दुकानातून विचारून आणलेली संमिश्र मलमे हे त्याचे मोठे कारण समजले जाते. त्यांतील स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आत वाढत राहते. खरूज असतानाही असे मलम लावल्यास पुरळाचे रूप बदलते व निदान अवघड होते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अशा अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली, ती याचसाठी. दुकानदाराने दिले तरी आपण घेऊ नये.

खरजेची लाज बाळगून ती लपविण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. सुनेला किंवा घरकाम करणाऱ्या बाईला दोष देऊन मोकळे होण्याचीही आहे. दोन्हींमुळे उपचार लांबतात. खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरल्यास लहान मुलांच्या मूत्रपिंडांस इजा होऊ शकते. पुरळात पू झाला, ताप आला, चेहऱ्यावर सूज आली किंवा लघवी लालसर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेही व्यक्तीनेही वाट पाहू नये.

तपासणीसाठी येताना गेल्या दोन महिन्यांत आपण कोठे मुक्काम केला, एका अंथरुणावर कोण कोण झोपले, घरात आणखी कोणाला खाज आहे आणि आतापर्यंत कोणते मलम लावले, हे आठवून सांगावे. मलमाची नळी टाकून दिली नसेल तर बरोबर आणावी.