मानशीचे दार

विद्यार्थिमित्रांनो, आपली म्हादई नदी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावते. सत्तरीतून ती गोमंतकात उतरते, मांडवी हे नाव धारण करते आणि पणजीजवळ अरबी समुद्रास मिळते. तिच्या एका टोकास अरण्य आहे, दुसऱ्या टोकास सागर. या दोहोंच्या मध्ये राहणाऱ्या माणसाने निसर्गाकडून किती घ्यावे आणि घेतलेले कसे राखावे, याचा उत्तम धडा आपल्या पूर्वजांनी खाजनांच्या रूपाने मागे ठेवला आहे.

खाजन म्हणजे काय? भरतीच्या वेळी समुद्राचे खारे पाणी मांडवी व झुआरी यांच्या पात्रांतून कित्येक मैल आत शिरते. त्यांच्या काठची सखल जमीन मूळची खारफुटीची. तिच्याभोवती चिखल, गवत, बांबू व चिरे यांचे बांध घालून पूर्वजांनी आत भात पिकविले. चोडण व दिवाडी या बेटांवर आजही अशी खाजने पाहावयास मिळतात. गोमंतकात अशा रीतीने सुमारे १८,००० हेक्टर जमीन लागवडीस आली.

या रचनेचे मर्म बांधात बसविलेल्या मानशीत आहे. मानस म्हणजे पाण्याच्या वाटेवरील लाकडी दारे. भरती आली की नदीचे चढते पाणी त्या दारांना आत रेटते व ती आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती बाहेर उघडतात आणि शेतातील जादा पाणी निघून जाते. येथे ना यंत्र, ना इंधन. चंद्राच्या गतीने होणाऱ्या भरती-ओहोटीकडूनच माणसाने काम करून घेतले आहे.

पावसाच्या पहिल्या सरींनी मातीतील खार धुऊन निघाला की कोरगुटासारखे खार सोसणारे भात पेरावयाचे; कापणी झाल्यावर खारे पाणी आत घेऊन मासळी व कोळंबी धरावयाची. एकाच जमिनीने अन्न दोनदा द्यावे अशी ही योजना. बांधाबाहेरची खारफुटी मात्र तोडावयाची नाही. तिची मुळे लाटांचा मारा सोसून बांध राखतात व मासळीच्या पिलांना आसरा देतात. सगळेच आपले करून न घेता काही भाग निसर्गाकडे राहू द्यावा, हे शहाणपण त्यात आहे.

परंतु मानस आपोआप चालली तरी बांध आपोआप टिकत नाही. खेकड्यांची बिळे बुजविणे, खिंड पडताच ती त्याच दिवशी भरणे, कुजलेल्या फळ्या बदलणे ही कामे वेळच्या वेळी व्हावी लागतात. पूर्वी ही जबाबदारी गावकरीवर असे. पोर्तुगीज अमदानीत तिलाच कोमुनिदाद म्हणू लागले. १९६१ साली गोवा मुक्त झाला व १९६४ साली कूळ कायदा आला. कसणाऱ्यास न्याय मिळाला, हे योग्यच झाले. परंतु बांधांची जुनी जबाबदारी ढिली पडली आणि नवी व्यवस्था सर्वत्र तितकी दृढ झाली नाही. मानशीवरील मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो. कोळंबीच्या लोभाने दार गैरवेळी उघडे राहिले की खारे पाणी भातात शिरते. खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांनीही बांधांची धूप झाली. एकदा खाऱ्या पाण्याने व्यापलेले शेत पडीक राहिले की तेथे पुन्हा खारफुटी वाढू लागते.

वरच्या रानाशीही याचा निकट संबंध आहे. गोमंतकात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. झाडांची मुळे व पालापाचोळा त्या पाण्याचा वेग आवरतात. डोंगर उघडे पडले वा खाणींची माती मोकळी सुटली की तीच माती वाहून नदीचे पात्र उथळ करते. म्हणून सत्तरीतील देवराई राखणारा ग्रामस्थ, नकळत का होईना, चोडणचे भातही राखीत असतो.

कायदाही साहाय्यास आला आहे. १९८८ साली चोडण येथे खारफुटीत डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य झाले. १९९९ साली म्हादई अभयारण्य घोषित झाले. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने गोव्यातील खाजनांच्या रक्षणाची स्वतंत्र तरतूद केली. तथापि कायदा बांधावरची खिंड भरावयास येत नाही. त्यासाठी गावातले हातच लागतात.

कोणी म्हणतात, माणसाने निसर्गास हात लावूच नये. कोणी म्हणतात, हवे ते घ्यावे. मानशीचे दार सदा मिटलेले ठेवले तर शेत पाण्यात बुडेल, सदा उघडे ठेवले तर खाराने करपेल. केव्हा उघडावे व केव्हा मिटावे, हे जाणणारा आणि त्यासाठी रोज बांधावर जाणारा कोणी असला, तरच शेत, मासळी व खारफुटी तिन्ही नांदतात.

मित्रांनो, येत्या सुटीत जवळच्या एखाद्या मानशीवर एक भरती व एक ओहोटी अवश्य पाहा. तिचा सांभाळ आज कोण करतो, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. ‘कोणीच नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते काम आता तुमच्या पिढीकडे आले आहे, असे समजा.